आठ हातांची आवडा

आंबेखोलच्या सागरजीव केंद्रात दिवसाचं पहिलं काम एकच असे. म्हातारी आहे की गेली, ते बघायचं.

टाक्यांच्या खोलीत शिरण्याआधी मंदाकिनी आठल्ये चपला बाहेर काढून ठेवी. खरं तर तिथली फरशी सदा ओली नि निसरडी, आणि केंद्राच्या नियमांत रबरी बूट सक्तीचे. पण कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या बाईच्या पायांना उंबऱ्याशी थांबायची सवय लागलेली असते, ती एकोणसाठाव्या वर्षी कुठली सुटायला. शिवाय अनवाणी पावलाची थाप पाण्यातल्याला बरोबर कळे. ऑक्टोपसला कान नसतात. डोक्यात दोन इवल्या पिशव्या असतात आणि त्यांत वाळूच्या कणाएवढा खडा. पाण्याला जरा हादरा बसला की खडा हलतो, आणि त्याला कळतं, कुणीतरी आलं.

म्हातारीला मंदाकिनीचं पाऊल ओळखीचं होतं. त्या दिवशीही दगडाच्या फटीतून आधी एक डोळा वर आला, आडव्या चिरेसारख्या बाहुलीचा, आणि मग सावकाश बाकीची म्हातारी.

"आलात? बसा," मंदाकिनी म्हणाली. दिवसभरात ती मोठ्याने बोले ती बहुतेक वाक्यं अशी टाकीपाशीच बोलली जात. २०३८ सालच्या त्या मार्चमध्ये केंद्रात राहणारी माणसं दोनच होती, ती आणि रात्रीचा राखणदार. राखणदार दिवसा झोपायचा.

टाकीच्या मधोमध पांढरा, अपारदर्शक पडदा बसवलेला होता. पाणी दोन्हीकडे खेळावं म्हणून त्याला मसुराएवढी भोकं होती. पडद्याच्या अलीकडे म्हातारी, पलीकडे तिची एक्केचाळीस पिल्लं. प्रत्येकाला लपायला मातीचं एकेक बोळकं दिलेलं. म्हातारी रोज करायची तेच तिने आजही केलं. पडद्याला जाऊन चिकटली आणि चार हातांची टोकं चार भोकांत घातली. पलीकडून तीन-चार पिल्लं येऊन त्या टोकांना हात लावून गेली. ऑक्टोपसच्या प्रत्येक चोषकाला चव कळते. हात लावणं म्हणजे त्यांच्यात चाखून बघणंही असतं.

ही भूक होती की माया, हे जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नव्हतं.

"म्हातारी आसा मगे, बाईनू?" दारातून आवाज आला. लवू तांडेल दर तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी जिवंत खेकडे, म्हणजे कुर्ल्या, घेऊन यायचा. पासष्टीचा, काळाकभिन्न, आणि बोलायला माणूस मिळालं की टोपली खाली ठेवायचं विसरणारा.

"आहे. परवा दिलेली औषधाची कुर्ली सगळी खाल्लीन्."

"जेवता बऱ्यापैकी. माझी बायल गेली तेका सात वर्सां झाली. तेच्या वक्ताक असला औषध खंय होता?"

"लवूदादा, हे औषध ऑक्टोपसचं आहे."

"ता माका कळता. नुसता म्हणतंय." त्याने टोपली ठेवली आणि काचेला नाक लावलं. "एक सांगा. ह्या म्हावरा नाय, माकूल नाय. मगे ह्या आसा तरी काय?"

मंदाकिनीला हा प्रश्न आवडे. तीस वर्षं तिने पोटापाण्यासाठी हेच केलं होतं, कोण कोणाचं ते ठरवणं. "शिंपल्याच्या घराण्यातलं. तिसऱ्या, कालवं, गोगलगाय, दहा हातांचं माकूल आणि ही, सगळे मऊ अंगाचे. मृदुकाय म्हणायचं त्यांना."

"म्हणजे माझ्या घराकडच्या तिसऱ्यांची ही चुलत बहीण?"

"फार लांबची. शिंपल्याने घर धरून ठेवलंन्, हिच्या पूर्वजांनी घर टाकलंन्. कवच नाही म्हटल्यावर जगायला अक्कल लागते. ती आली."

"आणि अक्कल इली तशी एकटी रवाक लागली," लवू म्हणाला आणि टोपली उचलून आत गेला.

त्याचं चुकलं नव्हतं. ऑक्टोपसइतकं शहाणं आणि ऑक्टोपसइतकं एकटं जनावर दुसरं नाही. तीन हृदयं, तांब्यामुळे निळं झालेलं रक्त, पन्नास कोटी मज्जापेशी; त्यातल्या दोनतृतीयांश डोक्यात नसून आठ हातांत पसरलेल्या, म्हणजे हात आपापलं शिकतात, आपापलं लक्षात ठेवतात. पण सगळं शिकायचं ते एकट्याने. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, त्यांच्यावर बसते, त्यांना हातांनी साफ करते, त्यांच्यावर पाणी फुंकत राहते आणि खायचं सोडते. पिल्लं बाहेर पडतात त्या सुमारास ती मरते. आईला कळलेलं पिल्लाला सांगायला मध्ये कुणी उरतच नाही. दर पिढीला शून्यातून सुरुवात.

हा मृत्यू उपासाचा नसतो. दोन डोळ्यांच्या मागे मोहरीएवढ्या दोन ग्रंथी असतात. अंडी घातली की त्या जाग्या होतात, आईची भूक मारतात, आणि भुकेपाठोपाठ आई. साठेक वर्षांपूर्वीच कुणीतरी शस्त्राने त्या काढून बघितल्या होत्या. माद्या पुन्हा खाऊ लागल्या, कितीतरी महिने जगल्या. आता चाकूची गरज उरली नव्हती. ग्रंथीला झोपवणारं औषध आलं होतं, ते सुईने कुर्लीच्या अंगात भरायचं, कुर्ली ऑक्टोपसने खायची.

म्हातारीला ते औषध अंड्यांवर बसल्याच्या विसाव्या दिवशी सुरू झालं. ती जगली. पिल्लं निघाली, सत्तेचाळीस, आणि ती बघायला आई हयात होती. केंद्रात पेढे वाटले गेले. तासाभरात तिने पिल्लांतली सहा खाल्ली.

औषधाने जीव परत दिला होता, तो भुकेसकट. तेव्हापासून पडदा.

---

रविवारी दुपारी नागपूरहून शाल्मलीचा फोन यायचा. मंदाकिनीची एकुलती मुलगी. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा उमटला की मंदाकिनीला दर वेळी वाटे, ही माझ्यासारखी दिसत नाही, माझ्या बाबांसारखी दिसते.

"म्हातारी कशी आहे? जेवली?"

"हो, अर्धी कुर्ली."

"मीपण जेवले. विचारलं नाहीस म्हणून सांगते."

मुलीशी बोलण्यासारखं मंदाकिनीपाशी कधीच फारसं नसे. नवरा लवकर गेला, पाठोपाठ समुद्रातल्या पाहण्या सुरू झाल्या, आणि सात वर्षांची शाल्मली आजोबांकडे राहिली ती मोठी होईपर्यंत तिथेच. मंदाकिनीच्या वडिलांनी, आठल्येबुवांनी, नातीला वाढवलं आणि वाढवता वाढवता कीर्तनाच्या गादीवर उभं केलं. मंदाकिनीच्या वाट्याला ती गादी आली नाही. तिने ती घेतली नाही, हे अधिक खरं. नऊ वर्षांची असताना ती बुवांच्या मागे उभी राहून झांज धरत असे. मग शाळा, मग प्रयोगशाळा, मग बोटी.

"वैशाखात इथल्या मंडळाने मला आजोबांचं आवडाचं आख्यान लावायला सांगितलंय," शाल्मली म्हणाली. "आणि मी हो म्हणून बसले."

आवडा कोळिणीचं आख्यान बुवांचं स्वतःचं होतं. कड्यावरच्या देवळात दिवा लावणारी एक म्हातारी. तिच्या दिव्यावर गावातल्या होड्या परत यायच्या. एका वादळात देव बुडत्या खलाशाचं रूप घेऊन येतो, तिच्या दिव्याच्या आधाराने किनारा गाठतो आणि दारात उभा राहून म्हणतो, माग. बुवांनी ते कधी कागदावर उतरवलं नाही. वहीत गेलं की माणूस निर्धास्त होतो, म्हणायचे, आणि निर्धास्त झाला की विसरतो. द्यायचं तर तोंडाने, समोर बसवून.

"'माग' म्हणतो तिथपर्यंत येतं मला," शाल्मली म्हणाली. "पुढे काय मागते ती?"

"मला नाही आठवत गं."

"आजोबा म्हणाले होते, शेवट मंदाला येतो, तो तिच्याकडूनच घे."

"ते म्हणाले असतील. मी अर्धवट झोपेत झांज वाजवायची, शाल्मली. मला यातलं काही येत नाही."

"बरं."

"तू तुझ्या मनाने लाव ना शेवट. तू हुशार आहेस."

"आजोबांच्या गादीवर उभी राहून माझ्या मनाचं सांगू?" शाल्मली हसली, पण ते हसू फोन बंद होईपर्यंत काही टिकलं नाही.

मंदाकिनी खिडकीशी उभी राहिली. समोर ओहोटीने उघडं पडलेलं खडप, काळा कातळ आणि त्यात पाण्याची डबकी. बुवांचा शेवटचा फोन तिला बोटीवर आला होता. "मंदे, येऊन जा. शेवट पक्का करून देतो." ती म्हणाली, पंधरा दिवसांत येते बाबा, पाहणी संपली की. बुवा नवव्या दिवशी गेले. तिला मिळाल्या त्या त्यांच्या चिपळ्या, शिसवी, एका बाजूला झिजलेल्या.

या चिपळ्यांनी तिला एकदा अडचणीत आणलं होतं. म्हातारीला आणल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत, बोलायला कुणी नाही म्हणून, कुर्ली टाकण्याआधी मंदाकिनी टाकीच्या काठाशी चिपळ्या वाजवायची, कीर्तनाच्या आरंभी बुवा वाजवत तशा. दोन लांब, तीन जवळजवळ, एक लांब. पंधरवड्यात म्हातारी त्या ठेक्यावर बाहेर येऊ लागली. महिन्याभरात तिने तिसरीच्या शिंपेचे दोन अर्धे दोन हातांत धरले आणि तोच ठेका परत वाजवून दाखवला. मंदाकिनी त्या दिवशी एकटीच खूप हसली, आणि प्रामाणिकपणे चित्रफीत वर पाठवली.

केंद्राचे संचालक डॉ. अभिजात रेगे मुंबईत बसत. आधी तेही हसले. मग म्हणाले, "आठल्येबाई, तुम्ही प्रयोगात कीर्तन घुसवलंत. आता हिचं कुठलं वागणं तिचं आणि कुठलं तुमचं, कसं सांगायचं?" त्यांचं बरोबर होतं. म्हातारीने अंडी घातली त्या दिवशी चिपळ्या कपाटात गेल्या त्या पुन्हा निघाल्या नाहीत. पिल्लांनी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

---

सोमवारी रेगे फोनवर आले. वीस एप्रिलला सुनावणी लागली होती. आंबेखोलच्या खडपावर भराव घालून मोठ्या बोटींचा धक्का व्हायचा होता, आणि खडपावर वाचवण्याजोगं काही आहे का, एवढाच प्रश्न होता.

"फोटो द्या, जनुकांचा अहवाल द्या," रेगे म्हणाले. "नवी जात आहे हे सिद्ध होईल."

"सिद्ध होईल, पण टिकणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका समुद्री गोगलगाईचं काय झालं? वकिलाने विचारलं, जीव कुठे आहे? बरणीत नव्हता, म्हणून खडपावरही नव्हता."

ज्याला नाव नाही ते कायद्याला दिसत नाही, आणि नाव ठेवायचं तर त्यामागे एक अख्खं शरीर जपून ठेवावं लागतं. मूळ नमुना. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर बरणी उघडून चोषक मोजता आले पाहिजेत. ऑक्टोपसच्या बाबतीत हे आणखी कठीण, कारण हाड नाही, कवच नाही, स्पिरिटमध्ये अंग आक्रसतं आणि रंग उडतो. जगात तीनेकशे जाती नोंदलेल्या, त्यातल्या कित्येकांचं कुळ अजून वादात. म्हातारीच्या डोळ्यांवर पांढऱ्या फोडांची ओळ होती, हातांना जोडणारा कातडीचा पडदा नेहमीपेक्षा खोल होता आणि अंडी तांदळाच्या दाण्याएवढी मोठी. बहुतेकांची अंडी बारीक असतात, पिल्लं निघाली की प्रवाहाबरोबर वाहून जातात. हिची पिल्लं जन्मल्याबरोबर तळाशी चालू लागली, आईच्या शेजारीच. अशी जात मंदाकिनीने तीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि वर्षभर शोधूनही दुसरी मोठी मादी किंवा नर हाती लागला नव्हता.

"पिल्लांपैकी एखादं?"

"या खुणा अंगावर यायला त्यांना अजून सहा महिने लागतील. तोवर भराव पडलेला असेल."

रेगे वाईट गृहस्थ नव्हते. "बाई, जगात एवढी म्हातारी ऑक्टोपस-आई दुसरी नाही. लोक रोज तिची चौकशी करतात. तुम्ही तिला मारणार?"

"मारणार नाही. औषध थांबवायचं की नाही, ते ठरवते."

"सही तुमची आहे," रेगे म्हणाले. "पण मला विचाराल तर पडद्याआड का होईना, ती जगतेय."

ते वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं. पडद्याआड का होईना. तिलाही म्हातारी हवी होती. नोंदीसाठी नव्हे. सकाळी पावलाची थाप ओळखून डोळा वर करणारं तिचं असं दुसरं कोण होतं?

संध्याकाळी तिने जुनी नोंदवही काढली, औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांची. अठराव्या दिवसाची नोंद तिच्याच अक्षरात होती. आज कुर्ली अंड्यांवरून चालत गेली. म्हातारीने तिला हाताने अलगद बाजूला केलं. खाल्लं नाही. धरलंही नाही.

तिने ती ओळ तीनदा वाचली. पडदा घातला होता तो भुकेसाठी. ग्रंथी जागी झाली की भूक मरते. भूक मेली तर पडदा कशाला हवा? औषध चालू ठेवलं तर म्हातारी वर्षभरही जगेल, भोकांतून हात घालत. थांबवलं तर भूक मेल्यावर जेमतेम दोन-अडीच आठवडे उरतील, पण ते पिल्लांमध्ये. अर्थात हिशेब चुकला, भूक पुरती मेली नसली, तर एक्केचाळीस पिल्लं एका दुपारची.

दुसऱ्या दिवशी लवूने कुर्ल्या आणल्या. मंदाकिनीने सुई भरलीच नाही.

"आज औषध नाय?"

"नाही. यापुढे नाही."

लवूने टाकीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुमका करमाचा नाय, बाईनू."

"नाही करमणार," ती म्हणाली.

---

नवव्या दिवशी म्हातारीने कुर्ली घेतली नाही. दहाव्या, अकराव्या दिवशीही नाही. बाराव्या दिवशी कुर्ली तिच्या हातावरून चालत गेली आणि तिने ती बाजूला सारली, वहीत लिहिल्यासारखीच.

तेराव्या दिवशी सकाळी लवूला मदतीला घेऊन मंदाकिनीने पडदा वर ओढला. दोघांच्या हातांत जाळी होती, वेळ आलीच तर मध्ये घालायला. बोळक्यांतली पिल्लं आत दडली. म्हातारी आपल्या जागेवरून हलली नाही. पाच मिनिटं गेली. मग तिचा एक हात वाळूवरून सरकत निघाला आणि पहिल्या बोळक्यात शिरला.

लिंबाएवढं पिल्लू त्याने बाहेर काढलं. दुसरा हात आला, तिसरा आला, आणि पिल्लू दिसेनासं झालं.

"बाईनू, घालू जाळी?"

"थांबा."

मंदाकिनीच्या ओठांवर आपोआप नामस्मरण आलं. कितीतरी वर्षांनी. मिनिटभर पाण्यात काही हललं नाही. मग हातांची गाठ सैल झाली आणि पिल्लू बाहेर आलं, भीतीने पांढरंफटक पडलेलं. ते पळालं नाही. तिथेच बसलं, हळूहळू तपकिरी झालं, आणि स्वतःचा एक इवला हात त्याने म्हातारीच्या हातावर ठेवला.

लवूने जाळी खाली ठेवली आणि गमछ्याने तोंड पुसलं. "खारा पाणी उडला," तो म्हणाला.

त्यानंतर म्हातारी चौदा दिवस होती. तिचं अंग रोज थोडं उतरे, कातडी पिकल्यासारखी होई. मंदाकिनी रंग टिपून घेत होती, चोषक मोजत होती, तिची नोंद पुरी करत होती. दुपारी काम संपलं की नुसती स्टुलावर बसायची. म्हातारी बोळक्या-बोळक्यांतून हात फिरवायची. कुर्ली मागून कशी धरायची, शिंपेचं तोंड कुठल्या बाजूने उघडतं, हे ती करायची आणि आजूबाजूला पिल्लं बसलेली असायची. ती बघत होती की नुसतीच बसली होती, हे मंदाकिनीने वहीत लिहिलं नाही. कधीतरी म्हातारी शिंपेचे दोन अर्धे हातांत घेऊन हलकेच हलवत बसे. मंदाकिनीला वाटे, म्हातारपणाची चाळवाचाळव.

पाच एप्रिलला सकाळी तिने चपला काढल्या, आत गेली, आणि डोळा वर आला नाही.

बरणी तयार होती. आठही हात नीट सरळ करून ठेवणं हे तिच्या हातचं काम, घाई न करता ते करायला तिला दोन तास लागले. मग नामकरणाच्या जागतिक नोंदीत जाती-नावाच्या जागी काही लिहायचं होतं. तिने फार विचार केला नाही. 'आवडा' लिहिलं. कारण विचारणाऱ्या रकान्यात लिहिलं, दिवा लावणाऱ्या एका बाईवरून.

वीस तारखेला वकिलाने विचारलं, जीव कुठे आहे? रेग्यांनी बरणी टेबलावर ठेवली. भरावाला स्थगिती मिळाली. त्यांनी फोन करून अभिनंदन केलं, चांगलं बोलले. फोन ठेवल्यावर खोलीत पंपाची घरघर तेवढी उरली.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदाकिनीने कपाटातून चिपळ्या काढल्या. आता प्रयोग संपला होता, बिघडण्यासारखं काही नव्हतं. बुवा सांगत, एका गावी त्यांच्या कीर्तनाला एकही माणूस आलं नव्हतं. त्यांनी उपरणं सावरलं, समई लावली आणि समईसमोर दीड तास कीर्तन केलं. मध्यंतरात बुक्का लावायचा तर तो समईच्या दांडीला लावला. गादीवर उभं राहिल्यावर समोर कोण आहे ते मोजायचं नसतं, म्हणत.

ती टाकीशी उभी राहिली, जिथे म्हातारी असे त्या बाजूला, रिकाम्या दगडासमोर. चिपळ्या वाजवल्या. दोन लांब, तीन जवळजवळ, एक लांब. निरोप म्हणून.

पलीकडून उत्तर आलं.

तिला आधी वाटलं पंप. तिने पुन्हा वाजवल्या. एका बोळक्याच्या तोंडाशी एक पिल्लू बसलं होतं, दोन हातांत शिंपेचे दोन तुकडे. टक, टक. टकटकटक. टक. मग दुसरं बाहेर आलं, मग तिसरं. एकूण सात. बाकीची चौतीस आपापल्या बोळक्यांत होती, त्यांना त्याचं काही नव्हतं. पण सात होती. जन्मात चिपळी न ऐकलेली सात पिल्लं, बुवांच्या आरंभाचा ठेका धरून.

म्हणून म्हातारी शिंपा घेऊन बसायची तर. चाळवाचाळव नव्हती ती. मंदाकिनीने वहीत लिहायला पेन उचललं. लिहिणार काय? दोष तिचाच होता, ठेका तिनेच घुसवला होता. रेगे म्हणतील, याला प्रयोग म्हणून किंमत नाही. म्हणोत. तिने पेन ठेवलं आणि हातांतल्या चिपळ्या चालूच राहिल्या, कारण समोरून टक थांबत नव्हती.

आणि मग हातांनी आपलं आपण काहीतरी केलं. ठेका बदलला. आरंभाचा संपला, उत्तररंगातल्या आख्यानाचा सुरू झाला, संथ, तीन मात्रा सोडून पडणारा. तिने तो ठरवून बदलला नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीने अर्धवट झोपेत ज्या हातांनी झांज धरली होती, त्या हातांना तो ठाऊक होता. ठेक्यामागून चाल आली, आणि चालीमागून शब्द, बुवांच्या आवाजात, एकामागून एक, जिथे देव दारात ओला उभा आहे आणि म्हणतो, माग.

तिने एका हाताने फोन लावला. वार बुधवार होता. शाल्मलीने घाबरूनच उचलला.

"आई? काय झालं?"

"जेवलीस?"

"जेवले," शाल्मली म्हणाली.

"मग बस. लिहून घेऊ नकोस, नुसती ऐक."

मंदाकिनीचा गळा तीस वर्षं गायलेला नव्हता. तो फुटला, चिरकला, पुन्हा लागला. आवडा देवाला म्हणाली, मला आयुष्य नको, डोळे नकोत, होडी नको. हा दिवा मी इतकी वर्षं लावला, पण वात मीच वळते, दुसऱ्या कुणाला ती येत नाही. कुणाला तरी बसवून दाखवीन, तेवढी सांज दे.

देवाने काय केलं, तेही आख्यानात होतं. देव पडवीत मांडी घालून बसला, कापूस हातात घेतला, आणि म्हणाला, मला दाखव.

गाणं संपलं तेव्हा ऊन टाकीच्या कडेला आलं होतं. एकेक करून पिल्लं आत जात होती; दोनच राहिली होती, अजून वाजवत.

"आई," शाल्मलीने विचारलं, "तुझ्यामागे टाळ कोण धरतंय?"

मंदाकिनीने चिपळ्या खाली ठेवल्या. फरशी पायांना थंड लागत होती.

"असं फोनवर नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "मी येते नागपूरला. समोर बसून सांगते."